रणगाडा, सायकल आणि चाकाची निवड

नगरला (पूर्वीचे अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) शाळेची सहल आली की रणगाडा संग्रहालय बहुधा पाहिले जातेच. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात मुले तोफांच्या नळ्यांकडे पाहत राहतात. त्यांना रणगाड्याच्या पोलादी पट्ट्यांजवळ उभे करून एक प्रश्न विचारावा. टी-५५ जातीच्या रणगाड्याचे वजन सुमारे ३६ टन असते. तुमच्यापैकी एखादा सायकलवर बसला, तर सायकलीसह त्याचे वजन सुमारे ७५ किलो भरेल. जमिनीच्या एका चौरस सेंटिमीटरवर जास्त भार कोणाचा?

बहुतेक मुले रणगाड्याचे नाव घेतात. खरे उत्तर सायकल हे आहे. रणगाड्याचा भार दोन लांबरुंद पट्ट्यांवर पसरतो आणि दर चौ. सेंमी.ला तो जेमतेम ०.८ किलो पडतो. रस्त्यावर पळवण्याच्या सायकलीच्या टायरमध्ये ७० पौंड हवा असेल, तर हाच आकडा सुमारे ५ किलो येतो. म्हणजे रणगाड्याच्या सहापट!

हे उत्तर नुसती गंमत म्हणून सोडून देण्यासारखे नाही. सायकलीला कोणते चाक, कोणता टायर, कोणता हब घ्यावा, या व्यवहारातल्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. समजा, तुमच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याने जुनी रेसर सायकल मिळवली आहे. तिची चाके बाद झाली आहेत. साठवलेले पैसे एकदाच खर्च करता येतील. रोज सात-आठ किलोमीटरवरच्या कॉलेजला जायचे आहे आणि सुट्टीत एकदा सुपे, शिरूरमार्गे पुण्यापर्यंतचे सुमारे १२० किमी अंतर कापून पाहायचे आहे. त्याला कोणी सांगतो, "टायर जितका बारीक आणि कडक, तितकी सायकल पळते." हा सल्ला खरा आहे का, हे आपण तपासून पाहू या.

भार कोण पेलते?

सायकलीचा भार टायरचे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. जमिनीला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ आणि हवेचा दाब यांचा गुणाकार चाकावरच्या भाराएवढा होईपर्यंत टायर चपटा होत जातो. मागच्या चाकावर साधारण ६० टक्के भार येतो. ७५ किलोंपैकी तो ४५ किलो धरू. दाब ५ किलो प्रति चौ. सेंमी. असेल, तर टेकलेला भाग ४५ ÷ ५ = ९ चौ. सेंमी. हवा कमी होऊन दाब २.५ वर आला, तर तोच भाग १८ चौ. सेंमी. होईल.

हे वर्गात पडताळता येते. फरशीवर आलेख-कागद ठेवा, त्यावर कार्बन पेपर उलटा ठेवा आणि सायकल उचलून मागचे चाक त्यावर अलगद टेकवा. एकाने सायकल धरावी, एकाने बसावे आणि चाक न फिरवता सायकल पुन्हा उचलावी. उमटलेल्या ठशातील चौकोन मोजा. दाब मोजणारा पंप जवळपासच्या दुकानात मिळतो. पंपावरचे पौंड १४.२ ने भागले की दर चौ. सेंमी.चे किलो मिळतात. क्षेत्रफळ आणि दाब यांचा गुणाकार करा. मग मागच्या चाकाखाली वजनकाटा आणि पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून प्रत्यक्ष भार मोजा. टायरच्या कापडाचा स्वतःचा ताठरपणा असल्याने दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण जवळपास येतील.

आता महत्त्वाचा मुद्दा. दाब तोच ठेवून बारीक टायरऐवजी रुंद टायर लावला, तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ बदलत नाही, आकार बदलतो. बारीक टायरचा ठसा लांबट आणि अरुंद उमटतो, रुंद टायरचा आखूड आणि रुंद.

शक्ती जाते कोठे?

चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग क्षणभर चेपतो आणि पुन्हा मूळ आकारात येतो. चेपताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. चाकाच्या लोळण्याला होणारा विरोध मुख्यतः याच कारणाने असतो. ठसा लांबट असेल तर टायरची बाजू जास्त वाकते आणि ऊर्जा जास्त जाते. म्हणून दाब आणि टायरची प्रत सारखी असेल, तर रुंद टायर बारीक टायरपेक्षा थोडा हलकाच चालतो!

हा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो. चांगल्या, लवचीक टायरचा विरोध वजनाच्या सुमारे ०.५ टक्का असतो. जाड, ताठर किंवा हवा कमी असलेल्या टायरचा तो १ टक्का किंवा अधिकही होतो. ७५ किलोंसाठी आणि ताशी २० किमी वेगासाठी हिशोब करू. पहिल्या टायरला सुमारे २० वॉट लागतात, दुसऱ्याला सुमारे ४०. ताठ बसून चालवणाऱ्याला याच वेगाला हवेचा विरोध कापण्यासाठी आणखी सुमारे ५० वॉट लागतात. म्हणजे एकाला ७० वॉट, तर दुसऱ्याला ९०. रोज दप्तर घेऊन येणाऱ्या मुलीच्या पायांना हा फरक जाणवतोच. "सायकल जड जाते" अशी तिची तक्रार असेल, तर आधी टायर दाबून पाहावा.

मग हवा ठासून भरावी का? गुळगुळीत रुळावर टायर फिरवून केलेल्या चाचण्यांत दाब वाढवला की विरोध कमी होत जातो. त्यामुळे १९८० आणि १९९० च्या दशकांत शर्यतींचे सायकलपटू १८ ते २३ मिमी रुंदीचे टायर अतिशय कडक भरून वापरत. पण रस्ता म्हणजे रूळ नव्हे. खडी वर आलेल्या डांबरावर कडक टायर खड्याभोवती चेपत नाही, तर सगळी सायकल आणि स्वार यांना वर उचलतो. स्वाराच्या स्नायूंत आणि हाडांत ही कंपने जिरतात आणि तेवढी ऊर्जा पुढे जाण्याच्या कामातून वजा होते. म्हणून खऱ्या रस्त्यावर एका मर्यादेपुढे हवा वाढवली, तर सायकल हलकी होण्याऐवजी जड होते. हे लक्षात आल्यावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत शर्यतींतले टायरही रुंद होत गेले. आता तेथे २८ मिमी आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात.

डनलॉपचे अंगण आणि शाळेचे पटांगण

हवेचा टायर जन्माला आला तो याच कारणामुळे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली. भरीव रबराचे एक चाक आणि हवेचे एक चाक त्याने अंगणात ढकलून दिले. भरीव चाक मध्येच आडवे झाले आणि हवेचे चाक अंगणाच्या टोकाला जाऊन आदळले. पुढच्याच वर्षी हवेच्या टायरांवर बसलेल्या विली ह्यूमने बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि टीकाकार गप्प झाले. योगायोग असा की आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावच्या सायकल दुकानाचे वर्षही १८८८ हेच सांगितले जाते. पुढच्या किर्लोस्कर उद्योगांची सुरुवात त्या दुकानातून झाली.

डनलॉपचा प्रयोग शाळेत असा करावा. पटांगणाला लागून अर्धा मीटर उतार असलेली जागा निवडा. एका खुणेवरून स्वाराने पॅडल न मारता सायकल सोडून द्यावी. ती जेथे थांबेल तेथपर्यंतचे एकूण अंतर मोजा. उताराची उंची भागिले अंतर म्हणजे ढोबळमानाने विरोधाचे वजनाशी असलेले प्रमाण. उंची ०.५ मीटर आणि अंतर ५० मीटर असेल, तर उत्तर ०.०१ म्हणजे १ टक्का. हवेचा थोडा विरोध यात मिसळलेला असतो, पण स्वार आणि बसण्याची पद्धत तीच ठेवली तर तुलना बिघडत नाही. वारा पडलेला असताना, प्रत्येक दाबाला पाच वेळा प्रयोग करून सरासरी घ्या. ३०, ४०, ५०, ६० पौंड असे दाब बदलत जा, मात्र टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. हाच प्रयोग गुळगुळीत सिमेंटवर आणि खडबडीत रस्त्यावर करून दोन आलेख काढा. दोन्ही आलेखांचा आकार सारखाच येतो का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

योग्य दाबासाठी एक सोपी कसोटी वापरतात. स्वार बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी कमी व्हावी. २८ मिमीच्या टायरसाठी हे सुमारे ४ मिमी होतात. पट्टी लावून ते मोजता येतात. आपल्या ६० किलोंच्या स्वारासाठी २८ मिमीच्या मागच्या टायरमध्ये ७० पौंडांच्या आसपास आणि पुढच्यात त्याहून थोडी कमी हवा पुरते. मे महिन्यात एक काळजी घ्यावी. सकाळी २५ अंशांना ७० पौंड भरलेला टायर तापलेल्या डांबरावर ५५ अंशांना पोचला, तर दाब किती होईल? वातावरणाचा दाब (१४.७ पौंड) आणि केल्व्हिन तापमान धरून वायूचा नियम लावा. उत्तर सुमारे ७८ पौंड येते. म्हणून भर उन्हात निघताना कमाल मर्यादेपर्यंत हवा भरू नये.

२८ म्हणजे नक्की किती?

टायरच्या दुकानात सर्वांत मोठी फसगत आकड्यांची होते. आपली नेहमीची उभ्या दांडीची काळी सायकल २८ इंची म्हणतात. तिच्या टायरवर २८ × १½ असे असते. रेसर सायकलीच्या टायरवर ७०० × २८ सी असे असते. दोन्हींत २८ आहे, पण पहिल्यात ते बाहेरचा व्यास इंचांत सांगतात आणि दुसऱ्यात रुंदी मिलिमीटरमध्ये. पहिल्याची रिमवर बसण्याची कडा ६३५ मिमी व्यासाची, दुसऱ्याची ६२२ मिमी. या १३ मिमीच्या फरकामुळे एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चालत नाही. बारीक रिमवर मोठा टायर ढिला बसतो, हवा भरताना किंवा वळणावर निसटतो आणि स्वार पडतो. जुन्या काही रेसर सायकलींना २७ × १¼ मापाची चाके असतात. त्यांचा व्यास ६३० मिमी. '२६ इंची'चाही तोच घोटाळा आहे. २६ × १⅜ म्हणजे ५९० मिमी आणि जाड खुंट्यांच्या टायरचा २६ × १.९५ म्हणजे ५५९ मिमी.

यावर उपाय टायरच्या बाजूवरच बारीक अक्षरांत छापलेला असतो. २८-६२२, ४०-६३५ अशी जोडी शोधा. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसण्याचा व्यास. दुसरा आकडा रिमशी जुळलाच पाहिजे, पहिल्याला थोडी सवलत असते. आतून १७ ते १९ मिमी रुंद असलेल्या रिमवर २८ ते ३२ मिमीचे टायर चांगले बसतात. मात्र फ्रेम, फोर्क आणि ब्रेक यांच्यात जागा आहे का, ते आधी मोजावे. टायरभोवती निदान ४ मिमी मोकळी जागा हवी. जुन्या रेसर फ्रेममध्ये कधीकधी २५ मिमीच मावतो. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल टायरला चिकटला की अडचणीच्या फ्रेममध्ये चाक फिरेनासे होते.

टायरवर खोल नक्षी असली की तो ओल्या डांबरावर घसरत नाही, हा समज मोटारीवरून आला आहे. सायकलीचा ठसा इतका अरुंद आणि दाब इतका जास्त असतो की टायर पाण्यावर तरंगण्यासाठी ताशी १०० किमीहून बराच जास्त वेग लागेल. डांबरी रस्त्याला गुळगुळीत टायर चालतो. आपल्या भागात खरी भीती आहे सराट्यांची आणि वेड्या बाभळीच्या काट्यांची. म्हणून नक्षीपेक्षा टायरच्या आत काटेरोधक पट्टा आहे का, हे पाहावे. त्याने विरोध थोडा वाढतो, पण भर दुपारी पंक्चर सायकल ढकलत नेण्यापेक्षा तो परवडला.

धाव आणि तारा

आता रिम आणि तारांकडे वळू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना कोणी पाहिले असेल, तर त्याला पुढचे लगेच कळेल. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. शेणी पेटवून ती तापवतात, प्रसरण पावली की चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. दीड मीटर व्यासाची धाव ४०० अंशांनी तापली तर तिचा व्यास सुमारे ७ मिमीने वाढतो. थंड होताना ती आवळते आणि लाकडी आरे तुंब्याकडे दाबले जातात. गाडीचा भार खालचे आरे दाब सोसून पेलतात.

सायकलीच्या बारीक तारेला असा दाब सोसत नाही, ती वाकेल. म्हणून येथे उलटी युक्ती केली आहे. सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात. चांगल्या चाकात एकेका तारेचा ताण १०० किलोंच्या आसपास असतो. चाकावर ४५ किलो भार आला की खालच्या मोजक्या तारांचा ताण तेवढ्या प्रमाणात कमी होतो, बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. ताण शिल्लक असेपर्यंत तार ताठ राहते आणि जणू दाब सोसल्यासारखे काम करते. ढिल्या तारांच्या चाकात मात्र प्रत्येक फेऱ्याला तार पूर्ण सैल होऊन पुन्हा ताणली जाते आणि शेवटी मानेजवळ तुटते. तार वारंवार तुटते ती बहुधा भारामुळे नव्हे, ढिलेपणामुळे.

ताण ऐकून तपासता येतो. तंबोऱ्याच्या तारेसारखी प्रत्येक तार छेडा. एका बाजूच्या सर्व तारांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूच्या तारांचा सूर वरचा असतो, कारण तेथे जागा कमी असल्याने त्या जास्त ताणाव्या लागतात. म्हणून दोन बाजूंची आपसात तुलना करू नये. चाकाचा आऊट काढून घेताना कारागिराला हेही तपासायला सांगावे.

तारा किती असाव्यात? आपल्या काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० असतात. शर्यतीच्या महागड्या चाकांत २० ते २४ असतात. तारा कमी असल्या की हवेचा विरोध थोडा घटतो, पण एक तुटली की चाक इतके वाकडे होते की पुढे जाणेच अवघड. रोजच्या वापराला पुढे ३२ आणि मागे ३२ किंवा ३६ तारा ठीक. रिम दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची घ्यावी. रिमवर ब्रेक लागत असेल, तर पावसात चकचकीत पोलादी रिमवर ब्रेकचे रबर फार घसरते. ॲल्युमिनियमवर ते बरेच चांगले धरते. चंदनापुरी घाटाच्या उतारावर हा फरक जिवाचा ठरू शकतो.

उंच कडांच्या रिम वेगवान दिसतात. ताशी ३०-३५ किमीच्या पुढे त्यांचा उपयोगही होतो. पण पुण्याच्या वाटेवर पारनेर तालुक्यातल्या कावड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. असा वारा आडवा लागला की उंच रिम शिडासारखी ढकलली जाते. नव्या स्वाराला ती नकोच.

हब आणि वजन

हबमध्ये छर्रे, कोन आणि ग्रीस असते. 'भारी हब घातला की सायकल पळते' असे म्हणतात. प्रत्यक्षात नीट बसवलेल्या साध्या हबमध्ये साधारण एखादा वॉट वाया जातो. टायरमध्ये २० वॉट वाचत असताना हबमधल्या अर्ध्या वॉटसाठी पैसे का घालवावेत? हबची निवड वेगासाठी नव्हे, टिकाऊपणासाठी करावी. धूळ आत जाऊ न देणारे सील आहे का, हे पाहावे. कोन-छर्ऱ्यांचा हब गावातला कारागीरही खोलून ग्रीस भरू शकतो. बंद बेअरिंगच्या हबला कमी देखभाल लागते, पण खराब झाले की त्याच मापाचे बेअरिंग मिळवावे लागते.

मागच्या हबमध्ये आणखी एक भेद आहे. जुन्या पद्धतीत अनेक चकत्यांचे फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसते. तेव्हा त्या बाजूचे छर्रे खूप आत राहतात आणि एक्सलचे टोक लांब लोंबते. ते वाकते किंवा तुटते. नव्या पद्धतीत फ्रीव्हीलची यंत्रणा हबचाच भाग असते आणि छर्रे टोकाजवळ येतात. तरफेचा नियम ज्याला माहीत आहे, त्याला दुसरी पद्धत मजबूत का, हे सांगावे लागणार नाही. हब घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या टोकांमधले अंतर मोजावे. रिम-ब्रेकच्या रेसर सायकलीत ते बहुधा १३० मिमी असते, जुन्या सायकलींत १२६ मिमीही आढळते.

आणि वजन? रिमच्या वस्तुमानाला पुढे जाण्याची ½mv² आणि फिरण्याची जवळपास तेवढीच गतिज ऊर्जा द्यावी लागते. म्हणून रिम हलकी झाली की वेग वाढवताना दुप्पट फायदा होतो, हे खरे. पण २०० ग्रॅम वाचले तर हा दुप्पट फायदा ४०० ग्रॅमचा. ७५ किलोंच्या तुलनेत तो अर्धा टक्का. चढावर तर २०० ग्रॅम म्हणजे २०० ग्रॅमच, दुप्पट नाही. तेवढे वजन एक पेला पाणी कमी नेले तरी कमी होते.

तर आपल्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? ६२२ मापाची, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिम, ३२ किंवा ३६ तारा, सील असलेला साधा हब. टायर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद, २८ ते ३२ मिमी, लवचीक आणि काटेरोधक पट्ट्याचा. पैसे कमी पडले तर हबवर वाचवावेत, टायरवर नव्हे. आणि दर आठवड्याला हवा तपासावी, कारण ट्यूबमधून हवा थोडी थोडी जातच राहते.

ज्यांना नवी चाके घेणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शाळेत दाब दाखवणारा एक पंप ठेवावा. सोमवारी सकाळी विज्ञानाच्या दोन विद्यार्थ्यांनी फाटकाजवळ उभे राहून येणाऱ्या प्रत्येक सायकलीचा दाब वहीत लिहावा आणि कमी असेल तेथे हवा भरून द्यावी. महिन्याभरात वही एक सुंदर तक्ता होईल. आणि लांबच्या वस्तीवरून येणारी मुलगी वर्गात थोडी कमी दमलेली पोचेल.